काशीनाथबाबांनी पास केलेली गिटार

काशीनाथबाबांना गिटार वाजवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी वाईट बोलणारे सगळे याच वाक्याने सुरुवात करतात आणि याच वाक्यावर थांबतात. नव्हती येत. पेटीवर एका बोटाने आरती काढायचे, तीही पहिल्या कडव्यापर्यंत. पण पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ज्या घरांत पहिली इलेक्ट्रिक गिटार आली, त्यांतल्या कितीतरी गिटारी आधी या माणसाच्या टेबलावर उताण्या पडल्या होत्या. आणि ज्या आधी आल्या नाहीत, त्यांतल्या बऱ्याच नंतर त्यांच्या मालकांच्या रडवेल्या चेहऱ्यांसकट आल्या.

मी राहते पेडण्याला, काम करते डिचोलीच्या एका कचेरीत. मला सगळ्याच्या याद्या करायची सवय आहे. काशीनाथबाबांची यादी मात्र कधी केली नव्हती. आता करते आहे ती रागाने.

ते मूळचे सिंधुदुर्गातले. तरुणपणी इकडे खाणीवर आले आणि वजनकाट्याचे फिटर झाले. खनिजाचा ट्रक रिकामा असताना तोलायचा, भरला की पुन्हा तोलायचा. दोन ट्रकांच्या मध्ये, काट्यावर काहीच नसताना, आकडा शून्यावर आला पाहिजे. काशीनाथबाबांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात संपत होतं. एकदा काटा चाळीस किलोवरच अडकून बसला. साहेब म्हणाला, एवढ्याशा फरकाने काय होतंय, चालू ठेव. यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसले. रस्त्याच्या वळणापर्यंत ट्रक खोळंबले, हॉर्न सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. तीन तासांनी काटा नीट करायची परवानगी मिळाली आणि पुढच्या आठवड्यात यांची बदली यंत्रांना ग्रीस लावायच्या कामावर झाली. ही गोष्ट सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या मानेची शीर फुगायची.

"चाळीस किलो म्हणजे काय नाय म्हणता! तुझ्या पाठीर घाल, मगे बोल!"

साहेब कधीच निवृत्त होऊन गेला होता. पण काशीनाथबाब अजून त्याच्याशी भांडत होते.

खाणी बंद पडल्यावर त्यांनी डिचोलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पत्र्याची शेड घेतली. दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचे, मग भजनी मंडळांच्या पेट्या यायला लागल्या. एके दिवशी शेजारच्या वाड्यावरच्या एका वादकाने इलेक्ट्रिक गिटार आणली. अशा काही गिटारींवर जिथे तारा अडकवलेल्या असतात, त्या पट्टीला एक दांडा असतो. दांडा दाबला की पट्टी पुढे कलते, तारा सैल होतात, सूर खाली लवतो. सोडला की मागच्या स्प्रिंगा पट्टीला परत जागेवर ओढतात. याला ट्रेमोलो म्हणतात. काशीनाथबाबांनी चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं. पट्टी दोन खिळ्यांवर आपल्या धारेने टेकलेली होती, एका बाजूने तारांची ओढ, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगांची. ते जोरात हसले म्हणे.

"अरे, हो तर काटो!"

तेव्हापासून गिटारी. शर्ट खाणीचाच निळा, खिशावरचं कंपनीचं नाव दोरे उसवून काढलेलं. कानामागे पेन्सिल, कारण जिथे तार घासते त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं लावलं की तार अडकत नाही. खिशात तपकिरीची जुनी डबी आणि तिच्यात तपकिरीऐवजी मोडक्या पेटीतला एक सूर, पितळेची इवलीशी पट्टी. ती ओठांत धरून फुंकायची. हेच त्यांचं सूर जुळवायचं यंत्र. चार वाजता पाव विकणारा पोदेर आला की एक उंडो, म्हणजे गोल पाव, घ्यायचे आणि काळ्या चहात बुडवून खायचे, पण टेबलावर गिटार उघडी असेल तर नाही. चहा निवायचा, उंडो कडक व्हायचा, तरी नाही.

माझी मुलगी मनाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिला इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. मी यादी केली. अकरा मुद्दे होते: वजन, मानेची जाडी, पिशवी, पट्टा, हमी वगैरे. नवव्या क्रमांकावर 'ट्रेमोलो दांडा, आहे की नाही'. कचेरीतल्या शिपायाने सांगितलं म्हणून दुपारच्या सुट्टीत काशीनाथबाबांकडे गेले. त्यांनी यादी लांब धरून वाचली.

"वयनी, कागद बरो आसा. पण ह्यो नऊ नंबर वर घेवा. आणि 'आसा की नाय' लिवू नकात. 'परत येता की नाय' तां लिवा."

"काय परत येतं?"

"सूर. दांडो दाबलो, सोडलो, की आधी होतो थंयच इलो व्हयो. नाय इलो तर तो दांडो नाय, ती खोड आसा."

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. म्हापशाच्या रस्त्यावरचं मोठं दुकान, दुकानदार गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला. भिंतीवर गिटारी ओळीने टांगलेल्या. मनालीची नजर समुद्री हिरव्या रंगाच्या एकीवर खिळली. काशीनाथबाबांनी ती उतरवून घेतली, पितळेची पट्टी फुंकली, तार तिच्याशी जुळवली. मग दांडा दहादा दाबला आणि सोडला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तार छेडली. दोन सुरांमध्ये एवढं अंतर पडलं होतं की मलाही कळलं.

"नापास."

दुसरी, नापास. तिसरीचा दांडा भोकात बसवून त्यांनी नुसता हलवला. "ह्यो म्हाताऱ्याच्या दातासारखो हलता." चौथीची त्यांनी पाठीमागची झाकणी उघडायला घेतली तसा दुकानदार धावत आला.

"अहो काका, वॉरंटी जाईल!"

"वॉरंटी कित्याची आसा? झाकणाची?"

आतल्या स्प्रिंगा वाकड्या लावलेल्या होत्या. नापास. तोवर दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली होती आणि ती ऐकत होती. त्यांतल्या एका बापाला यांनी न विचारता सांगून टाकलं, पहिल्या गिटारीला वाईट दांडा असण्यापेक्षा दांडाच नसलेली घ्या, सुखी व्हाल. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू पातळ झालं.

"काका, शिकाऊ मुलांना एवढं कशाला लागतं? शिकली की घेतील चांगली."

आणि मग मी त्यांचा तो राग पहिल्यांदा पाहिला. आवाज चढला नाही. उलट खाली गेला.

"शिकाऊकच लागता. जाणत्याक कळता गिटार खोटी आसा म्हणून. शिकाऊक काय कळता? ता सोताच्या बोटांक दोष देता. सहा म्हयने देता. आणि मगे सोडून देता. तुमी गिटार विकल्यात, पण वाजवणारो मारल्यात."

पाचवी आणि सहावीही नापास झाली. सातवी गिटार वरच्या फळीवर धूळ खात होती. तपकिरी, बुटकी, कोणी न घेतलेली. दहादा दाबली, दहादा परत आली. काशीनाथबाबांनी झाकणीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केली. मनाली हिरवीकडे वळूनवळून बघत होती.

"रंग ऐकूक येणा नाय गो बाय," ते म्हणाले, आणि तपकिरी तिच्या हातात दिली.

वर्षभरात मनाली बरी वाजवायला लागली. तिला अभंग वाजवायचे होते. दांडा हलकेच दाबून सोडला की गाणाऱ्याचा गळा एका सुरावरून दुसऱ्यावर जातो तसा सूर वाहतो, हे तिचं तिने शोधून काढलं होतं. आमच्या गावच्या देवळात कोजागिरीला संध्याकाळी अभंगांचा कार्यक्रम असतो. तिने समितीकडे विचारणा केली. अध्यक्ष म्हणाले, "देवळात विजेची गिटार? उद्या डिस्को लावाल." मी जाणकार म्हणून काशीनाथबाबांना बैठकीला घेऊन गेले. तोच दुकानदार तिथे बसलेला, कारण कार्यक्रमाचे स्पीकर त्याचे होते.

काशीनाथबाब उभे राहिले. "पेटीक मींड घेवक येणा नाय, हेका येता. एकदा वाजवन तर बगा. सूर खाली गेलो तरी परत येतलो. मी तपासलंय."

"आणि नाही आला तर?" दुकानदाराने विचारलं. अगदी गोड.

"नाय इलो तर त्या दिसापासून मी गिटारीक हात लावचंय नाय. तुमका शब्द दितंय."

सगळ्यांसमोर. एका माणसाने आपलं उरलेलं काम एका तारेवर टांगलं आणि समितीने मान डोलावून पुढचा विषय घेतला.

कार्यक्रमाच्या सहा दिवस आधी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. माझी यादी तयार असते: कोयता, आदोळी म्हणजे आमची विळी, शिवणयंत्र, मिक्सर, स्कूटर, लॅपटॉप. त्या वर्षी मी शेवटी 'गिटार' लिहिलं. ओलं गंध लावलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, दांड्यावर झेंडूची माळ अडकवली. छान दिसत होती. मी फोटोसुद्धा काढला. संध्याकाळी वरवर पुसून पिशवीत ठेवली. मनालीची परीक्षा चालू होती, तिने नुसत्या बोटांचा सराव केला, दांड्याला हात लावला नाही.

कोजागिरीला देवळासमोरचं अंगण भरलं होतं. काशीनाथबाब डिचोलीहून दोन बस बदलून आले आणि पुढच्या रांगेत बसले, धुतलेला निळा शर्ट घालून. पहिला अभंग नुसत्या बोटांनी झाला, लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्यात मनालीने दांडा दाबला. सूर खाली गेला, सुंदर गेला. आणि परत आला तो थोडा खालीच राहिला. पेटीवाल्याने भुवई उचलली. तिने पुन्हा दाबला, तो आणखी खाली राहिला. गाणारे म्हातारे बुवा गाता गाता वळून बघायला लागले. मनालीचे कान लाल झाले. तिने तिसऱ्या कडव्याला गिटार मांडीवरून काढून बाजूला ठेवली आणि उरलेला अभंगभर हातांनी टाळी दिली.

मी काशीनाथबाबांकडे पाहिलं. ते मंचाकडे बघत नव्हते. आपल्या तळहातांकडे बघत होते.

चहाच्या टेबलाशी दुकानदार म्हणाला, "काशीनाथबाबांनी पास केलेली ना ही? खनिज तोलणं वेगळं, संगीत वेगळं." लोक हसले. त्यांतल्या तिघांच्या पेट्या याच माणसाने दुरुस्त केलेल्या होत्या. मला नावं माहीत आहेत.

दुसऱ्या दिवशी मी आणि मनाली शेडमध्ये गेलो. मनालीचे डोळे रडून सुजले होते. "माझाच हात जड पडला," एवढंच सारखं म्हणत होती. काशीनाथबाबांनी तिला स्टुलावर बसवलं, गिटार टेबलावर घेतली आणि पट्टीच्या मागच्या फटीत बॅटरीचा झोत टाकला. मग चिमट्याने दोन बारीक गोष्टी काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या. तांदळाचे दाणे. लाल.

गंधाने ते पट्टीच्या मागे चिकटून बसले होते. गंध वाळलं. दांडा दाबला तशी पट्टीची मागची कड उचलली गेली आणि दाणा खाली सरकला. मग पट्टी पूर्ण बसणार कशी? पुन्हा दाबला, दुसरा दाणा गेला.

"पूजा कोणी केल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. आयुष्यात इतका लहान शब्द मला इतका जड गेला नव्हता.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग मनालीकडे वळले. "बघलंस मा? तुझो हात नाय, बाय. तुझो हात बरो आसा." मला म्हणाले, "पूजा केल्यात ता बरा केल्यात. पण वयनी, गंध लाकडाक लावचा. जां हलता, तेका लावचा नाय."

"मी समितीला सांगते. आजच."

"कित्याक? काटो सकाळी उठान तपासूचो असता. काल सकाळी तपासूक व्हयी होती, मी येवन नुसतो बसलंय. चूक माझी."

"तुमची कशी? तांदूळ मी टाकले!"

"तांदूळ कोणय टाकीत. धूळ पडात, उंदीर जायत. म्हणान तर रोज तपासतत."

दुसऱ्याच्या चाळीस किलोसाठी तीन तास भांडलेला हा माणूस स्वतःसाठी तीन मिनिटं भांडायला तयार नव्हता. मला त्यांचाच राग आला. खरंच आला. शब्द दिला होता म्हणून त्यांनी शेडबाहेरची 'गिटार' लिहिलेली पाटी काढून आत ठेवली. कोणी गिटार घेऊन आलं की म्हणायचे, "माका जमणा नाय आता," आणि तराजू घासायला लागायचे.

मी समितीच्या पुढच्या बैठकीत गेले. कागदावर मुद्दे लिहून नेले होते. एक, गिटार निर्दोष होती. दोन, दोष माझ्या पूजेचा. तीन, काशीनाथबाबांचा शब्द त्यांना परत करावा. फोटो दाखवला, पुडीतले दोन दाणे दाखवले. अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "अहो ताई, देवाच्या अक्षतांना दोष देता?" कोणीतरी म्हणालं, "झालं गेलं, आता कशाला उकरायचं." मी म्हटलं, "तुमचं झालं गेलं. त्यांचं काम गेलं." खजिनदाराने घड्याळ बघितलं. दुकानदार खुर्चीत मागे रेलून बसला होता. म्हणाला, "मी कुठे त्यांना काम सोडा म्हटलं? शब्द त्यांनी आपणहून दिला." मग मांडवाच्या कापडाचा विषय निघाला. माझे तीन मुद्दे इतिवृत्तात आले नाहीत. मी नंतर जाऊन वाचलं. मांडवाचं कापड आलं होतं, रंगासकट.

पावसाळ्याआधी काशीनाथबाब शेड सोडून आपल्या मुलीकडे गेले, दोडामार्गच्या पलीकडे. मी कचेरीच्या प्रशिक्षणाला बाहेर होते, मला शेजाऱ्याने सांगितलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या महिनाभर आधी, एका दुपारी.

सुट्टीत गल्लीत वळले तर शेडच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसू नये अशी, दुकानदाराची गाडी लावलेली. आत तो उभा. बाजूला चौदा-पंधरा वर्षांची त्याची भाची, आणि टेबलावर त्याच्याच दुकानातल्या तीन गिटारी.

"हिला पहिली गिटार घ्यायची आहे," तो काशीनाथबाबांना सांगत होता. "यांतली कुठची बरी ते जरा बघून द्या."

"तुमका शब्द दिललो मी," काशीनाथबाब म्हणाले.

"अहो, तो काय धरून बसता. सोडला मी तो. सोडला."

काशीनाथबाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. मग मान हलवली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिली गिटार जवळ ओढली. एवढंच. मला राहवेना. मी दारातूनच सुरू झाले.

"इथे सोडला? मागच्या दाराने? देवळात सगळ्यांसमोर धरला होतात, आता देवळात जाऊन सोडा! स्वतःच्या भाचीला स्वतःच्या दुकानातली गिटार न तपासता द्यायची हिंमत नाही तुमची, आणि लोकांच्या मुलांना..."

दुकानदार जमिनीकडे बघायला लागला. भाची घाबरून मामाकडे बघत होती. काशीनाथबाबांनी दांडा दाबला होता आणि नुकताच सोडला होता. त्यांनी मान वर केली नाही. डावा हात तेवढा माझ्या दिशेने उचलला, पंजा उघडा, गप्प राहा म्हणून.

मी गप्प राहिले. तार अजून वाजत होती, आणि ते कान तिच्याजवळ नेऊन ऐकत होते.